सव्वादोन वर्षं, एक पावडर आणि एचपीव्ही 16: गर्भाशयमुखाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मावशी एका जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवतात. पोरं त्यांना मावशी म्हणतात, मास्तरही मावशीच म्हणतात, म्हणून इथेही मावशीच. ओळख पटू नये यासाठी गाव, तारखा आणि घरातले काही तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आल्या तेव्हा वय 41. लग्न सोळाव्या वर्षी, तीन बाळंतपणं, धाकटी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. पाळी नियमित. अंगावरून पांढरं जाणं नाही, पोटात दुखणं नाही, साधी कणकण नाही. गावच्या उपकेंद्रात तपासणीचं शिबिर झालं होतं. आशाताईंनी घरोघर फिरून तिशीच्या पुढच्या बायका गोळा केल्या, प्रत्येकीच्या हातात एक काडी दिली आणि पडद्यामागे जाऊन नमुना स्वतःच घ्यायला सांगितलं. मावशींना ही पद्धत पटली. "कुणाला दाखवायचं काम न्हाई, बरंय," असं त्या म्हणाल्याचं आशाताईंनी मला नंतर सांगितलं.

तीन आठवड्यांनी फोन आला: "तुमचं इन्फेक्शन निघालंय, मोठ्या दवाखान्यात दाखवा." इन्फेक्शन म्हणजे गोळ्या, पाच दिवसांचा कोर्स, असा आपल्याकडे सरळ हिशेब असतो. त्यामुळे माझ्याकडे येऊन बसल्या त्या गोळ्या लिहून घ्यायलाच. रिपोर्टमध्ये होतं एचपीव्ही 16, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचा 16 नंबरचा प्रकार.

या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही चामखीळ देणारे, आणि दहाबारा असे की ज्यांच्याकडे डोळा ठेवावाच लागतो. त्यांतले 16 आणि 18 हे दोघेच जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण 70 टक्क्यांच्या मुळाशी आहेत. हॅराल्ड झुर हाउजेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 मध्ये 16 आणि पुढच्या वर्षी 18 कॅन्सरच्या गाठींतून वेगळे करून दाखवले, त्याबद्दल त्यांना 2008 चं नोबेल मिळालं. म्हणजे मावशींच्या कागदावर त्या यादीतलं पहिलंच नाव होतं.

पहिली भेट आणि पहिला निर्णय

व्हिनेगर लावून दुर्बिणीतून पाहिलं. पिशवीच्या तोंडावर घड्याळाच्या अकरा ते एकच्या मध्ये फिकट पांढरा डाग उठला. कडा पुसट. वरची कड मात्र आतल्या नळीत गेली होती, कुठे संपते ते दिसत नव्हतं. बाराच्या जागेवरून, म्हणजे जिथे हात सहज पोचतो तिथून, एक तुकडा काढला. रिपोर्ट सीआयएन-1, म्हणजे कॅन्सरआधीच्या बदलांच्या तीन पायऱ्यांतली पहिली, अगदी सौम्य बदल.

सीआयएन-1 ला सहसा काही करत नाहीत. वाट पाहायची, वर्षाने एचपीव्ही पुन्हा करायची, हेच रीतसर आहे आणि मी तेच ठरवलं. आजही त्या निर्णयाला चूक म्हणणार नाही. चूक दुसरीकडे होती. डागाची कड नळीत जात असताना मी नळीतून खरवडून नमुना घेतला नाही. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर बाकड्यावर सात जणी होत्या, आणि डाग फिकट होता. कारणं एवढीच.

दुसरी गोष्ट मी बोलले ती. मावशींनी विचारलं, "मग औषध?" मी म्हटलं, "याला औषध नाही मावशी. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून हा दोन वर्षांत आपोआप जातो. तुमची प्रतिकारशक्तीच घालवते त्याला."

वाक्य खरं आहे. पण ते नव्याने लागण झालेल्या सगळ्या बायकांचं मिळून आहे, आणि त्यांत वीस-बावीस वर्षांच्या मुलींचा भरणा असतो. एक्केचाळीस वर्षांच्या, 16 नंबर घेऊन बसलेल्या, डाग उठलेल्या बाईला तो कधी शिरला हे कुणालाच ठाऊक नसतं. तिच्या बाबतीत तो 'न गेलेल्यां'पैकी असण्याची शक्यता आधीच बरीच असते. मी मात्र सरासरीचा आकडा तिच्या पदरात टाकून मोकळी झाले.

पुढे काय बिघडलं

मावशींनी घरी जाऊन त्या वाक्यातला त्यांना उमगलेला शब्द धरला: प्रतिकारशक्ती. पुतण्याची बायको साखळी पद्धतीने पावडर विकते. डब्यावर ढाल आणि तलवार, खाली 'इम्युनिटी' असं मोठ्या अक्षरांत. रोज सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे. वर्ष झालं तेव्हा मावशींना इतकं बरं वाटत होतं की तपासणीला यायचं त्यांना कारणच दिसेना. माझ्या कागदावर पुढची तारीख होती, पण इंग्रजी आद्याक्षरांत, आणि तो कागद पावडरच्या डब्याखाली सापडला. दवाखान्यातून आठवणीचा फोन कुणी केला नाही.

सव्वादोन वर्षांनी त्या आल्या त्या मुलीला घेऊन. मुलगी आठवीत गेली होती. शाळेत कुणीतरी एचपीव्हीच्या लसीबद्दल सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, "हिला द्या, आन् मलाबी द्या. म्हंजे माझा त्योबी जाईल."

मुलीला बाहेर बसवून मी दोन-चार प्रश्न विचारले. संबंधानंतर डाग दिसतो का? जरा थांबून त्या म्हणाल्या, "दोनदा दिसला. पाळी जवळ आली असंल म्हणलं."

त्याच दिवशी दुर्बिणीखाली घेतलं. फिकट डागाची आता खडूसारखी जाड पांढरी पाटी झाली होती. तिच्यावर लाल ठिपके आणि फरशीच्या सांध्यांसारखी रेघांची जाळी. कड अजूनही नळीतच. या वेळी दोन तुकडे घेतले, नळीही खरवडली. एचपीव्ही 16 अजून होताच. तुकड्यांचा रिपोर्ट सीआयएन-3, नळीतल्या खरवडीतही तेच. आत कुठे मूळ धरलंय का, हे इतक्याशा नमुन्यावरून सांगता येत नाही, असं पॅथॉलॉजिस्टनी खाली लिहिलं होतं.

रिपोर्ट समजावून सांगितल्यावर मावशी रडल्या नाहीत. विचारलं एवढंच, "मॅडम, अंगात ताकद तर लई होती. मग त्याला का न्हाई मारलं?"

या प्रकरणाचा गाभा माझ्या लेखी हाच प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

विषाणू लपतो कसा

गावात चोर शिरला आणि कुत्री भुंकली नाहीत, तर कुत्री अशक्त होती असं कुणी म्हणत नाही. चोराने काय केलं ते विचारतात.

एचपीव्ही पहिली गोष्ट करतो ती रस्त्याची निवड. तो रक्तात जातच नाही. पिशवीच्या तोंडावरच्या आवरणाला बारीकशी खरचट झाली की तिच्यातून अगदी तळाच्या थरातल्या पेशीत शिरतो. आत जातानाही त्याचा डीएनए उघडा पडत नाही. तो पेशीच्या आतल्या एका बारीक पुडीत गुंडाळलेला राहतो आणि पेशी विभागायला लागली की त्या धांदलीत केंद्रकात सरकतो. पेशीच्या अंगणात परका डीएनए पडलाय का हे हुंगत फिरणारे पहारेकरी असतात, त्यांच्या नाकासमोरून तो असा झाकून नेला जातो.

तळाच्या पेशीत तो जवळजवळ गप्प असतो. थोड्याशा प्रती, थोडीशी प्रथिनं. पेशी वरवर सरकत जाते, तीनेक आठवड्यांत पृष्ठभागावर येते आणि नियमाप्रमाणे मरून गळून पडते. ती गळायला आली की मग हा आपलं कवच बनवतो, नवे विषाणू भरतो आणि गळणाऱ्या पेशीबरोबर बाहेर पडतो. फ्लूच्या लागणीत पेशी मरून फुटतात, तेव्हा आतला मालमसाला सांडतो, सूज येते, ताप येतो, आख्खं शरीर जागं होतं. इथे पेशी फुटतच नाही. ती तशीही मरणारच होती. मावशींना एक दिवस कणकण आली नाही, याचा अर्थ त्या धडधाकट होत्या असा मी तेव्हा लावला होता. खरं तर तो विषाणूच्या कामाचा भाग होता.

दुसरी गोष्ट, घंटेची दोरी कापणं. लागण झालेल्या पेशीने इंटरफेरॉन नावाचा इशारा सोडायचा असतो. शेजारच्या पेशी सावध होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. एचपीव्हीची ई-6 आणि ई-7 ही दोन प्रथिनं हीच साखळी जागोजागी तोडतात. ई-6 आयआरएफ-3 नावाच्या प्रथिनाला पकडून ठेवतं, ते सुटं असल्याशिवाय इंटरफेरॉनचा हुकूम निघत नाही. ई-7 स्टिंग नावाच्या डीएनए-इशाऱ्याच्या आड येतं. डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर-9 चं उत्पादनच ही जोडी कमी करते. एवढं करून थोडं इंटरफेरॉन निघालंच, तर ते मिळाल्यावर पेशीच्या आत पुढे निरोप नेणाऱ्या दुव्यांनाही हात घालते. एक दोरी कापली तर दुसरी वाजेल, म्हणून सगळ्याच कापून ठेवायच्या. जेमतेम आठ हजार अक्षरांचा डीएनए, आणि त्यात इतका बंदोबस्त! याचं दर वेळी नवल वाटतं.

तिसरी, खबऱ्यांची हकालपट्टी. आवरणात लँगरहान्स पेशी असतात. हातपाय पसरून त्या शेजारच्या पेशींना धरून बसतात, परकं काही दिसलं की उचलून लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात. त्या जिला धरून बसतात ती खुंटी म्हणजे ई-कॅडहेरिन. ई-6 मुळे ती खुंटीच कमी होते. त्यांना आवरणात बोलावणारा सीसीएल-20 हा रासायनिक निरोपही मंदावतो. सीआयएनच्या तुकड्यात या पेशी विरळ दिसतात. चोरीच्या रात्री चावडीवर माणूस नसावा, तसं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत बेरकी वाटते. प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या ताटल्यांत ठेवून बाहेर मांडते. टी-पेशी त्या ताटल्या बघत फिरतात, परकं दिसलं की पेशी मारतात. ई-5 हे प्रथिन या ताटल्या आतच, गॉल्जीच्या कोठारात अडकवून ठेवतं. पण ताटल्या अजिबातच दिसल्या नाहीत तर दुसरा पहारेकरी, एनके पेशी, संशय घेऊन मारतो. म्हणून ई-5 फक्त एचएलए-ए आणि बी या तऱ्हेच्या ताटल्या अडवतं. सी आणि ई जाऊ देतं. टी-पेशीला बघायला काही नाही, आणि एनके पेशीला वाटतं सगळं ठीक आहे.

मावशींना मी हे सगळं असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुमच्या अंगात पोलीस होते, पण त्यांच्याकडे तक्रारच गेली नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पावडर कुणाला खाऊ घातली मी, पोलिसांना?" हसू आलं आम्हा दोघींनाही.

एक गैरसमज मात्र व्हायला नको. प्रतिकारशक्तीला काही अर्थ नाही, असं नाही. ज्या नऊ जणींचा विषाणू जातो तो टी-पेशीच शेवटी घालवतात. उशिरा का होईना, खबर लागते. एचआयव्ही असलेल्या बायकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो, म्हणूनच त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून करायला सांगतात. सिगारेट-विडीनेही धोका वाढतो. (मावशींची मिश्री मी सोडवली, पण ती तोंडाच्या काळजीने.) लढणारे किती आहेत आणि त्यांना कुणाशी लढायचंय हे कळलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डब्यातली पावडर दुसऱ्याला हात लावत नाही. पहिल्यालाही लावते असं मी म्हणणार नाही.

दुसरा निर्णय: पर्याय कोणते होते

घरात बैठक झाली. मावशींचे यजमान, दीर, पुतण्या. जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दोन मिनिटांत सांगितलं होतं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटली." आमच्या भागात हे वाक्य ऐकून कुणी दचकत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं, सरकारला समिती नेमावी लागली. तरी आजही पांढरं जातंय, काढा पिशवी. कंबर दुखतेय, काढा पिशवी.

मावशींच्या बाबतीत मी त्याला विरोध केला. पिशवी वाचवायची म्हणून नव्हे. आत कॅन्सरने मूळ धरलंय की नाही हे माहीत नव्हतं म्हणून. धरलं असेल आणि आपण साधीच शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, तर आजूबाजूच्या ज्या ऊती आणि ग्रंथी बघायच्या त्या राहून जातात, आणि नंतर रेडिएशन देऊन निस्तरत बसावं लागतं. आधी निदान पुरं करायचं, मग किती कापायचं ते ठरवायचं.

डाग उष्णतेने जाळणं हा दुसरा पर्याय. गावपातळीवर ही फार उपयोगी पद्धत आहे, पाच मिनिटांत होते, भूल लागत नाही. पण कड नळीत जात असेल तर ती चालत नाही, आणि जाळल्यावर तपासायला तुकडा उरत नाही. तिसरा, विजेच्या तारेने डाग कापून काढणं, ज्याला लीप म्हणतात. चौथा, भूल देऊन सुरीने शंकूच्या आकाराचा अखंड तुकडा काढणं. पाचवा पर्याय मावशींचाच: लस.

लसीचं उत्तर वर सांगितलेल्या लपंडावातूनच निघतं. लसीत विषाणू नसतो. त्याच्या एल-1 या कवचाच्या प्रथिनापासून बनवलेले पोकळ गोळे असतात. विषाणू ज्या रस्त्याने कधीच जात नाही त्या रस्त्याने, दंडातल्या स्नायूतून, लस ते कवच शरीराला उघडपणे दाखवते. सूज येते, हात दुखतो, घंटा वाजते, आणि खऱ्या लागणीनंतर तयार होतात त्याच्या कितीतरी पट अँटीबॉडीज रक्तात येतात. त्या झिरपत पिशवीच्या तोंडापर्यंत पोचतात आणि खरचटीपाशी विषाणूला दारातच धरतात. पण एकदा तो तळाच्या पेशीत शिरला, की तिथे कवच नसतंच. अँटीबॉडीने पकडायचं काय? म्हणून मुलीला लस, आईला नाही. मुलीला त्याच दिवशी दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 पासून बाजारात आहे. 9 ते 14 वयात दोन डोस देतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात भारतातल्या मुलींचा अभ्यासही आहे.

बैठकीत आणखी एक प्रश्न आला, दिरांनी विचारला: "हे बाहेरनं आलं असंल ना?" बोलायचं होतं मावशींबद्दल, बघत होते माझ्याकडे. मी यजमानांकडे बघून सांगितलं की हा विषाणू लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी लागतो, पुरुषांनाही, आणि वीस-पंचवीस वर्षं दबून राहू शकतो. कुणाकडून कुणाकडे, कधी, हे सांगणारी चाचणी नाही. यजमान तोपर्यंत गप्प होते. म्हणाले, "पुढचं सांगा." त्या एका वाक्याने बैठक संपली.

काय केलं, आणि काचेवर काय दिसलं

पाठीत भूल देऊन सुरीने शंकू काढला. अखंड निघाला, वरच्या टोकाला दोरा बांधून पाठवला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टना दिशा कळते.

रिपोर्टआधी त्यांचाच फोन आला: "वेळ असेल तर येऊन बघ." त्यांच्याकडे दोन माणसांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप आहे. पहिली काच साध्या रंगाची. आवरणाच्या तळापासून वरपर्यंत एकाच तऱ्हेच्या, गच्च, गडद केंद्रकांच्या पेशी. एका कोपऱ्यात त्यांची जीभ तळाचा पडदा फोडून खाली उतरलेली. मोजली, 1.8 मिलिमीटर. पडद्याखाली मात्र लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या लढाऊ पेशी, रांगेने उभ्या. शेकड्याने. पडद्यापर्यंत आलेल्या, वर आवरणात मोजून पाच-सात शिरलेल्या. पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, "बघ, फौज वेशीवर आलीय. आत कुणी घेत नाहीये."

दुसरी काच पी-16 ची. तळापासून वरपर्यंत सलग तपकिरी पट्टा. पी-16 हा पेशीचा ब्रेक. ई-7 ने आरबी नावाचं प्रथिन निकामी केलं की पेशी विभागत सुटते, घाबरून ब्रेक दाबत राहते, आणि ब्रेकची वायरच तुटलेली असते. दुसरीकडे ई-6 पी-53 ला नष्ट करवतं, म्हणजे बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावं ही सोयही जाते.

या टप्प्यावर लपण्याची तऱ्हा बदलते, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीला विषाणू गुपचूप राहून आपली पिलावळ वाढवत असतो. कॅन्सरकडे जाताना बऱ्याचदा त्याचा डीएनए तुटून माणसाच्या गुणसूत्रात घुसतो. त्यात ई-2 मोडतं, ते ई-6 आणि ई-7 वर वचक ठेवणारं असतं. मग ही दोन्ही बेफाम. नवे विषाणू निघणं थांबतं. विषाणूच्या दृष्टीने हा मृत्यूच. आता लपते ती पेशी, स्वतःच्या हिकमतीने: एचएलएची जनुकंच गमावते, पीडी-एल-1 ची पाटी लावून आलेल्या टी-पेशीला 'दमलीस, बस' म्हणते, आजूबाजूला नियंत्रक टी-पेशी आणि आयएल-10, टीजीएफ-बीटा यांसारखे शांत करणारे निरोप जमवते. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं टी-पेशीचे ही पाटी वाचणारे डोळेच (पीडी-1) झाकतात. पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये केमोबरोबर ती दिली तर आयुष्य वाढतं हे 2021 मध्ये दिसलं. मावशींना त्यांची गरज नव्हती. गरज असती तर किंमत ऐकून बैठक पुन्हा भरली असती.

रिपोर्ट: सीआयएन-3, एका जागी 1.8 मिलिमीटर आत शिरलेला कॅन्सर, म्हणजे 1-ए-1 ही अगदी पहिली पायरी. रक्तवाहिन्यांत-लसिकांत काही नाही. खालची कड स्वच्छ, वरच्या कडेला सीआयएन-3 अजून शिल्लक.

वरची कड स्वच्छ नसेल तर वर आणखी काय आहे ते माहीत नाही. काचा कॅन्सर रुग्णालयात पाठवल्या, त्यांनीही तेच वाचलं. पुन्हा एक शंकू काढायचं ठरलं. दुसऱ्या तुकड्यात चिमूटभर सीआयएन-3, नवा कॅन्सर नाही, सगळ्या कडा स्वच्छ.

आता दोन रस्ते होते आणि दोन्ही बरोबर होते. मुलंबाळं झालेली आहेत, तर साधी शस्त्रक्रिया करून पिशवी काढा. किंवा एवढ्यावर थांबा आणि कडक लक्ष ठेवा. आता निदान पुरं झालं होतं, त्यामुळे पिशवी काढायला माझी हरकत नव्हती. उलट, सव्वादोन वर्षं न आलेल्या बाईला 'लक्ष ठेवू' म्हणायची मला भीती वाटत होती. मी काढण्याकडे झुकले होते.

मावशींनी विचारलं, काढल्यावर किती दिवस वजन उचलायचं नाही? मी म्हटलं, दोन-तीन महिने. त्यांनी हिशेब केला. शाळेतलं पातेलं भरल्यावर दोघींना उचलावं लागतं. दोन महिने नाही गेलं तर बचत गटातली दुसरी बाई लागते, आणि एकदा लागली की निघत नाही. "पिशवी ऱ्हाऊ द्या. मी येते तपासायला. मुलीची शपथ." शपथ मी नको म्हटलं, फोन नंबर मागितला. मुलीचा आणि आशाताईंचा.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी एचपीव्ही केली, सापडला नाही. वर्षाने केली, सापडला नाही. दुसऱ्या वर्षी तारखेच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच आल्या, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत केंद्रप्रमुख येणार होते. तीही निगेटिव्ह. डाग नाही, नळी स्वच्छ. शंकू काढल्यावर बहुतेक जणींमध्ये विषाणूही सापडेनासा होतो, कारण त्याचं घरच उचललेलं असतं.

पावडर बंद आहे. पुतण्याची बायको काही दिवस बोलत नव्हती, आता बोलते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी नळी खरवडायला हवी होती. कदाचित तेव्हाच सीआयएन-2 किंवा 3 सापडलं असतं, कदाचित नसतंही. पण दिसत नाही तिथेच हा रोग असतो, आणि मी दिसतं तिथून तुकडा घेतला.

'शरीर आपोआप घालवतं' हे वाक्य मी आता सुटं वापरत नाही. म्हणते, "तरुण मुलींमध्ये बहुतेक वेळा जातो. तुमच्यात जाईल की राहील हे तारखेला आल्याशिवाय कळणार नाही. बरं वाटणं ही खूण नाही." शेवटचं वाक्य दोनदा म्हणते.

फोनवर 'इन्फेक्शन निघालं' असं सांगू नये, हे उपकेंद्राच्या सिस्टरांशी बोलले. मग काय सांगायचं, यावर आमचं अर्धा तास एकमत होईना. 'विषाणू' म्हटलं की कोरोना आठवतो, 'कॅन्सरची टेस्ट' म्हटलं की बाई फोन ठेवते. शेवटी ठरलं: "पिशवीच्या तोंडाची पुढची तपासणी लागेल, आत्ता आजार नाही, पण तारीख चुकवू नका." लांब आहे. चालतं.

आठवणीचं काम आता वहीत आहे, मराठीत, आणि दर सोमवारी एक मुलगी फोन करते. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने सव्वा लाखावर बायकांवर जो अभ्यास केला, त्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत 34 मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. हे आकडे मी भाषणांत कित्येकदा सांगितलेत. तपासणीत सापडलेल्या बाईला उपचारापर्यंत नेणारी माणसं त्या अभ्यासात होती. माझ्या दवाखान्यात नव्हती.

एका मुद्द्यावर अजून माझा निकाल लागलेला नाही. पहिल्याच भेटीत, 16 नंबर आणि डाग दोन्ही असताना, रिपोर्टची वाट न बघता लीप करून मोकळं व्हायला हवं होतं का? सापडलं की लगेच उपचार, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहे, आणि जिथे बाई परत येण्याची खात्री नाही तिथे तिच्यात दम आहे. पण मग सीआयएन-1 असलेल्या अनेकींना विनाकारण कापलं जाईल, त्यांतल्या काही पुढच्या बाळंतपणाच्या असतील. एक्केचाळिशीच्या बाईत मी आज बहुधा कापेन. तिशीच्या बाईत नाही.

मागच्या भेटीत, रिपोर्ट पिशवीत ठेवता ठेवता मावशी थांबल्या. "मॅडम, त्यो गेला, का लपला?"

मी म्हटलं, "टेस्टमध्ये सापडत नाही. एवढंच सांगू शकते."

"किती वर्षं यावं लागंल?"

"अशा केसमध्ये शंकू काढल्यापासून पंचवीस वर्षं लक्ष ठेवायला सांगतात."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे अडुसष्टची हुईस्तवर. तवर शाळेत खिचडी कोण करतंय का काय म्हाईत." मग पुढची तारीख विचारली, आणि ती परीक्षेच्या आठवड्यात येते म्हणून एक आठवडा अलीकडे घ्यायला लावली.